पॉलिसीचं पान कॉपी करू नका, तो तुमचा शब्द असतो



वेबसाईटच्या मालिकेतला हा भाग सगळ्यात कमी बघितला जाणार, हे मला शूटिंग करतानाच माहीत होतं. डोमेन कसं घ्यायचं, मोबाईलवर मालाचे फोटो कसे काढायचे, पहिली ऑर्डर कशी मिळवायची, हे भाग तुम्ही दोन-दोनदा बघता. ‘पॉलिसी आणि डिस्क्लेमर’ असं दिसलं की बोट आपोआप पुढं सरकतं. एकेकाळी माझंही सरकायचं. व्हिडिओत मी कुठल्या पानावर काय भरायचं ते दाखवलं. ते का भरायचं, हे सांगायचं राहून गेलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. “ताई, माझे दोनच आयटम. पापड आणि शेवया. मला कसली आलीत कायद्याची पानं? ती मोठ्या कंपन्यांची कामं.”

माझं मत आधीच सांगून टाकते. ही पानं मोठ्या कंपनीपेक्षा आपल्याला जास्त लागतात. आणि ती दुसऱ्याकडून उचललेली असतील, तर ती आपल्यालाच अडचणीत आणतात. कशी, ते माझ्याच उदाहरणानं सांगते.

मी काय घोळ घातला होता

माझी वेबसाईट सुरू झाली तेव्हा पेमेंट गेटवेनं अर्ज अडवून ठेवला. म्हणे नियम व अटी, प्रायव्हसी, रिफंड, डिलिव्हरी आणि संपर्क ही पानं दिसत नाहीत, ती टाका, मग खातं चालू करू. आपल्याला तर दिवाळीच्या आधी सुरू करायचं होतं. मी काय केलं? एका मोठ्या कपड्यांच्या वेबसाईटवरून पाचही पानं उचलली, कंपनीचं नाव काढून माझ्या दुकानाचं टाकलं आणि मोकळी झाले. वाचलं? एक ओळसुद्धा नाही.

चार महिन्यांनी एका ग्राहकानं कांदा-लसूण मसाल्याच्या तीन बरण्या परत पाठवल्या. दोन अर्ध्या वापरलेल्या. सोबत माझ्याच वेबसाईटचा स्क्रीनशॉट होता. त्यावर लिहिलेलं, तीस दिवसांत कुठलंही कारण न देता माल परत करा, पूर्ण पैसे मिळतील. तो सव्विसावा दिवस होता. मी चिडले, फोन केला, म्हटलं, “अहो, मसाला खाऊन परत करतात का कुणी?” तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्हीच लिहिलंय.”

खरंच होतं ते. पैसे दिले. मग रात्री बसून पहिल्यांदा स्वतःची पॉलिसी वाचली. त्यात साईज चार्ट होता. धुतलेले कपडे परत घेणार नाही, अशी अट होती. वाद झाला तर बेंगळुरूच्या कोर्टात जायचं, असंही होतं. मेढ्यात मसाला विकणारी बाई बेंगळुरूच्या कोर्टात जाणार! हसू पण आलं आणि लाज पण वाटली.

त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. पॉलिसी हा आपला शब्द असतो. दुकानात तो तोंडानं देतो, वेबसाईटवर लिहून देतो, एवढाच फरक. आणि लिहून दिलेला शब्द आपण वाचला नव्हता, हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

दुकानाला तोंड असतं, वेबसाईटला नसतं

मेढ्यातल्या माझ्या दुकानात रिफंडचा बोर्ड नाही. लागतच नाही. मसाला खारट झाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन दारात उभं. मी कुणाची कोण, राहते कुठं, सगळं त्यांना माहीत. मी नीट बोलले नाही, तर संध्याकाळपर्यंत केळघरपासून कुडाळपर्यंत बातमी जाईल. ही ओळख हीच तिथली पॉलिसी.

आता नागपूरच्या एका ताईंचा विचार करा. रात्री अकरा वाजता मोबाईलवर तुमचा मसाला त्यांना दिसला. तुम्ही कोण, त्यांना माहीत नाही. मेढा कुठं आहे, तेही माहीत नाही. सहाशे रुपये आधी द्यायचे आहेत. त्या कशाच्या भरवशावर देतील? फोटो तर फसवणारेही चांगलेच टाकतात. अशा वेळी माणूस खाली जाऊन बघतो. पत्ता आहे का, फोन आहे का, बरणी फुटून आली तर काय करणार ते लिहिलंय का. मोठ्या कंपनीला तिच्या नावावर विश्वास मिळतो. आपल्याला तो या पानांवरूनच मिळवायचा असतो. म्हणून म्हटलं, आपल्याला ती जास्त लागतात.

कायदा काय मागतो

आता थोडा कायदा. घाबरू नका, चार गोष्टींपुरताच.

ग्राहक चळवळ आपल्याकडं नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आता चालू आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. स्वतःच्या वेबसाईटवरून नियमित धंदा करणारा प्रत्येक जण त्यात येतो. दोन आयटमवाला पण.

पहिली गोष्ट, तुमची ओळख. व्यवसायाचं कायदेशीर नाव, खरा पत्ता, ई-मेल आणि फोन वेबसाईटवर दिसला पाहिजे. तक्रार कोण बघणार, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्कही. छोट्या धंद्यात हा तक्रार अधिकारी म्हणजे तुम्हीच. तक्रार आली की ४८ तासांत ‘मिळाली’ असं कळवायचं आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

दुसरी गोष्ट, व्यवहाराच्या अटी. माल परत घेणं, पैसे परत देणं, बदलून देणं, डिलिव्हरी, पैसे भरायच्या पद्धती, हे सगळं ग्राहकाला ऑर्डर करण्याआधी कळलं पाहिजे. संमतीच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवायची नाही. ती ग्राहकानं स्वतः करायची.

तिसरी गोष्ट, माल. सदोष निघाला, दाखवला एक आणि पाठवला दुसरा, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचला, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला असेल तर सूट आहे. म्हणून डिलिव्हरीचे दिवस लिहिताना जरा आपल्या भागाकडं बघून लिहा. जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस कसा कोसळतो आणि घाटरस्त्यांचं काय होतं, हे मी सांगायला नको. ‘तीन दिवसांत घरपोच’ हे वाक्य जानेवारीत शोभतं. पावसाळ्यात सात ते दहा दिवस लिहा. लवकर पोचलं तर कुणी भांडायला येत नाही.

चौथी गोष्ट, ग्राहकाची माहिती. तिच्यावर पुढं वेगळं बोलायचंय.

आणि एक गैरसमज काढून टाका. बिलावर आपण छापतो ना, ‘सर्व वाद सातारा न्यायक्षेत्रात’? घाऊक व्यापारी आणि आपण, अशा व्यवहारात त्या ओळीला अर्थ आहे. पण ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तो तक्रार करू शकतो. हा हक्क त्याला २०१९ च्या कायद्यानं दिलाय. नागपूरच्या ताई नागपुरातच तक्रार करतील. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही, आणि तक्रार घरबसल्या ऑनलाईन करता येते. तिकडं जायचं तुम्हाला आहे. सहाशे रुपयांच्या बरणीसाठी नागपूरची खेप कुणाला परवडेल, तुम्हीच सांगा. पान नीट लिहिलेलं असलं, तर बहुतेक वाद तिथवर जातच नाहीत.

“आम्ही जबाबदार नाही” म्हटलं की झालं?

आपल्याला डिस्क्लेमर लिहायला फार आवडतं. लहानपणापासून आपण तेच वाचत आलोय. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर लावावी.’ ‘आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी.’ बोर्ड लावला की आपण सुटलो, असं आपल्याला वाटतं. कोर्टाला तसं वाटत नाही.

दोन खरे खटले सांगते. दोन्ही सुप्रीम कोर्टाचे.

पहिला २०१९ चा. १९९८ मध्ये एक माणूस दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात गेला. मारुती झेनची चावी त्यानं हॉटेलच्या माणसाकडं दिली. परत आला तर गाडी गायब. हॉटेल म्हणालं, पार्किंगच्या कुपनवर छापलंय की, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. कोर्टानं ते मानलं नाही. गाडी ताब्यात घेतली म्हणजे ती सांभाळायची जबाबदारीही घेतली. आपल्याच माणसांचा निष्काळजीपणा कुपनावरच्या ओळीनं झाकता येत नाही. हॉटेलला भरपाई द्यावी लागली.

दुसरा १९९६ चा. कपडे निर्यात करणाऱ्या भारती निटिंग या कंपनीनं डीएचएल कुरिअरनं जर्मनीला कागदपत्रं पाठवली. ती पोचलीच नाहीत, कंपनीचं मोठं नुकसान झालं. पण कुरिअरच्या पावतीवर अट होती की, भरपाई जास्तीत जास्त १०० डॉलर, आणि त्यावर पाठवणाऱ्याची सही होती. कोर्टानं ती अट मान्य केली. १०० डॉलरच मिळाले.

एकाच देशात, एकाच कोर्टात एक डिस्क्लेमर पडला आणि एक टिकला. का? एकानं स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला तो वापरला. दुसऱ्यानं आपली जबाबदारी कुठपर्यंत हे व्यवहार होण्याआधी सांगितलं आणि समोरच्याची सही घेतली. आज तर कायदा आणखी पुढं गेलाय. फारच एकतर्फी अटी असलेला करार ‘अन्यायकारक करार’ म्हणून रद्द करून घ्यायची सोय २०१९ च्या कायद्यात आहे. त्यामुळं सही घेतली म्हणजे काहीही खपतं, असंही समजू नका.

आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’चं काय? ग्राहकाचं मन बदललं, म्हणून माल परत घ्यायला तुम्ही नाही म्हणू शकता. खाण्याच्या वस्तूंना तर ते योग्यच आहे. पण सदोष माल परत घ्यायला नकार देणं, ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल, तर कायदा ३० दिवस धरतो. बोर्ड केवढा का असेना.

मग डिस्क्लेमर हवा कशाला?

ग्राहकाला जे माहीत असायला हवं, ते सांगायला.

मधाचं घ्या. आपल्या शेजारी मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून आपल्या भागातल्या मधाला चांगली मागणी आहे. ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी बरेच जण मध विकतात. थंडीत मध खाली बसतो, साखरेसारखा रवा धरतो. शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं, साखर मिसळली! भांडण सुरू. तेच तुम्ही आधी लिहून ठेवलंत की, नैसर्गिक मध थंडीत रवाळ होतो, बरणी कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल, तर निम्मे फोन येणारच नाहीत.

त्याहून महत्त्वाची ओळ दुसरीच आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधात असे जंतूंचे बीजाणू असू शकतात, जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आपल्याकडं बाळाला मध चाटवायची पद्धत आहे, म्हणून ही ओळ आपण तर लिहायलाच हवी. घरातली आजी रागावली तरी चालेल. या ओळीनं विक्री कमी झाली, तर होऊ दे. तीच गोष्ट मसाल्याची. आत तीळ आहे, खोबरं आहे, शेंगदाणा आहे, ते स्पष्ट लिहा. कुणाला त्याचं वावडं असेल, तर त्याला आधी कळलं पाहिजे. डिस्क्लेमरचं खरं काम हे आहे. ग्राहकाला सावध करायचं.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. वर ठळक अक्षरांत, ‘आमचा मध घ्या, शुगर मुळापासून बरी’. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’. मंडळी, वरचं खोटं खालच्या ओळीनं धुतलं जात नाही. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दंड राहू दे बाजूला. तुमच्यावर विश्वास ठेवून एखाद्यानं गोळ्या बंद केल्या तर? डिस्क्लेमर लिहायची वेळ का आली, हे आधी स्वतःला विचारा. वरचा दावा सिद्ध करता येत नसेल, तर दावाच काढून टाका.

पत्ता तुम्हाला दिलाय, जगाला नाही

ही गोष्ट सांगायला मला आजही जड जातं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी फराळाची चाळीस पार्सलं तयार झाली होती. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. मी हौसेनं पार्सलांच्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टाग्राम, दोन्हीकडं टाकला. ‘तुमच्या प्रेमामुळं शक्य झालं!’ लाईक पण खूप आले.

दोन दिवसांनी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. वरच्याच पार्सलवर तिचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर होता. फोटो मोठा केला की सगळं स्वच्छ वाचता येत होतं. ती एकटी राहायची. दोन रात्री तिला अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते, आणि त्यात तिच्या बिल्डिंगचं नाव होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “ताई, मी पत्ता तुम्हाला दिला होता.”

फोटो काढला, माफी मागितली, पोलिसांत तक्रार करायला तिच्यासोबत फोनवर बसले. पण जे गेलं ते गेलं. ती मुलगी परत माझी ग्राहक झाली नाही, आणि तिनं का व्हावं?

म्हणून सांगते, प्रायव्हसी पॉलिसी हा फक्त मोठ्या अ‍ॅपवाल्यांचा विषय नाही. पार्सलच्या लेबलचा फोटो, ग्राहकाच्या चॅटचा स्क्रीनशॉट ‘रिव्ह्यू’ म्हणून टाकणं, दोनशे ग्राहकांना न विचारता एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालणं, जिथं प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. हे आपण रोज करतो. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, २०१९ च्या त्याच कायद्यात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर जास्तीत जास्त दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो आकडा आपल्यासाठी नाही, हे मलाही कळतं. पण कायदा आपल्यालाही आहे.

या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? माहिती कशासाठी घेताय, हे ग्राहकाला सोप्या भाषेत सांगायचं, आणि ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी त्याला हव्या त्या भाषेत वाचता आलं पाहिजे. त्यात मराठी आहे. म्हणजे तुमची पॉलिसी मराठीत असणं हा कमीपणा नाहीच. उलट तुमचं गिऱ्हाईक मराठी असेल, तर ती मराठीत असायलाच हवी.

मग लिहायचं काय?

एक संध्याकाळ काढा. चहा घ्या. गिऱ्हाईक समोर बसलंय असं समजा आणि या सहा प्रश्नांची उत्तरं बोलता तशीच लिहा.

१. मी कोण? व्यवसायाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, ई-मेल, तक्रार बघणाऱ्याचं नाव. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा नंबर.

२. माल कधी पोचेल? उन्हाळ्यात किती दिवस, पावसाळ्यात किती दिवस, कुठं पाठवत नाही.

३. माल फुटला, खराब आला, वेगळाच आला तर? माझ्या वेबसाईटवर आता असं आहे: ‘बरणी फुटली, माल खराब किंवा चुकीचा आला, तर शक्यतो ४८ तासांत फोटो पाठवा. तुम्ही सांगाल तसं, नवीन बरणी पाठवू किंवा ७ दिवसांत पैसे परत करू. परत पाठवायचा खर्च आमचा.’ यातलं ‘शक्यतो’ महत्त्वाचं आहे. पाचव्या दिवशी फोटो आला, म्हणून खराब माल ग्राहकाच्या गळ्यात मारता येत नाही.

४. ऑर्डर रद्द करायची असेल तर? कधीपर्यंत करता येईल, पैसे किती दिवसांत परत.

५. तुमची माहिती मी कशाला घेते? ‘नाव, पत्ता आणि नंबर फक्त पार्सल पाठवायला आणि त्याबद्दल फोन करायला. कुरिअरवाल्याशिवाय कुणाला देत नाही. ऑफरचे मेसेज नको असतील तर “नको” एवढं लिहा, लगेच थांबवू.’ ही ओळ लिहायची, तर मग खरंच थांबवायचं.

६. माल वापरताना काय लक्षात ठेवायचं? वावडं, साठवण, किती दिवस टिकतो, कुणाला देऊ नये.

खाली तारीख टाका. काही बदललं की तारीखही बदला. पान सापडेल अशा ठिकाणी ठेवा, आणि रिफंडची ओळ तर पैसे भरण्याच्या बटणाजवळच दिसू द्या.

“पण ताई, वकील?” धंदा वाढला, दुसऱ्यांचा माल विकायला लागलात, परदेशात पाठवायला लागलात, किंवा आरोग्याशी संबंधित काही विकताय, तर वकिलाला दाखवाच. तो खर्च वाया जात नाही. पण वकिलाकडंही हीच सहा उत्तरं घेऊन जा. तुम्ही काय पाळू शकता, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार? आज एआयला सांगितलं की मिनिटात दहा पानं लिहून मिळतात. घ्या मदत, माझी ना नाही. पण ती एकेक ओळ वाचा आणि विचारा, हे मी करणार आहे का? नसेल तर खोडा. माझ्या त्या बेंगळुरूच्या कोर्टासारखं होऊ देऊ नका.

“ही पानं वाचतं कोण?” हाही प्रश्न येतो. खरंय. सगळं सुरळीत असतं तेव्हा कुणीच वाचत नाही. ज्या दिवशी बरणी फुटते, त्या दिवशी दोघं वाचतात. ग्राहक आणि तुम्ही. त्या दिवशी दोघांना एकच गोष्ट लिहिलेली सापडली आणि तुम्ही ती लगेच केलीत, तर भांडण फोनवरच मिटतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन बरण्या फुटल्या. फोटो आले, त्याच दिवशी नवीन पाठवल्या. त्यातल्या एका काकूंनी पुढच्या महिन्यात पाच किलोची ऑर्डर दिली. म्हणाल्या, “लिहिलंय तसं करता, हे बघितलं.”

तर आजचं काम. नवीन काही लिहायच्या आधी स्वतःच्या वेबसाईटवरचं रिफंडचं पान उघडा आणि मोठ्यानं वाचा. वाचताना जिथं अडखळाल, किंवा ‘हे मी कधी म्हटलं?’ असं वाटेल, तिथून दुरुस्ती सुरू करा. वेबसाईट अजून व्हायचीय, त्यांनी आधी वरची सहा उत्तरं वहीत लिहून ठेवावीत.

पुढच्या भागात बिल आणि पॅकिंगवरच्या लेबलवर बोलू. तोपर्यंत पार्सलचे फोटो टाकायचे असतील, तर लेबल उलटं करून टाका.